चित्रवेडा म्हातारा

जपानची राजधानी टोकियो हिचे जुने नाव एदो. अठराव्या शतकात एदो हे जगातील अतिशय गजबजलेल्या शहरांपैकी एक होते. देशात सम्राट होता, परंतु खरी सत्ता शोगुन या सेनाधिपतीच्या हाती होती आणि शोगुन एदोच्या किल्ल्यात राहत असे. परकीयांचा देशात शिरकाव होऊ नये म्हणून शोगुनांनी जपानची दारे बंद करून टाकली होती. युरोपीय लोकांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकी बंदरातील एका चिमुकल्या बेटावर वखार ठेवण्याची मुभा होती. जपानी माणसालाही देशाबाहेर जाण्याची सक्त मनाई होती. झाकण लावलेल्या पेटीसारख्या या देशात, एदोच्या पूर्वेस सुमिदा नदीपलीकडे, कात्सुशिका नावाच्या भागात १७६० साली एक मुलगा जन्मला. पुढे तो होकुसाई या नावाने प्रसिद्ध झाला.

लहानपणीच तो नाकाजिमा इसे नावाच्या कारागिराच्या घरी दत्तक गेला. हा कारागीर शोगुनच्या वाड्यासाठी आरसे बनवीत असे. त्या काळचे जपानी आरसे काचेचे नसत, ब्राँझचे असत. त्यांची एक बाजू घासून घासून चकचकीत करीत आणि पाठीवर झाडे, पक्षी, वेलबुट्टी अशी नक्षी उमटवीत. त्या नक्षीच्या सहवासात मुलगा वाढला. सहा वर्षांचा असल्यापासून दिसेल त्या वस्तूचा आकार कागदावर उतरविण्याचा नाद आपल्याला लागला, असे त्याने म्हातारपणी लिहून ठेवले आहे.

एदोमध्ये पुस्तके भाड्याने देणारी दुकाने पुष्कळ होती. पुस्तके विकत घेणे सर्वांना परवडत नसे. म्हणून दुकानातील नोकर पुस्तकांचा गठ्ठा पाठीवर बांधून घरोघर हिंडत आणि लोक त्यांतील एखादे पुस्तक थोडे दिवस वाचून परत करीत. अशा एका दुकानात हा मुलगा बाराव्या वर्षाच्या सुमारास नोकरीस लागला. ही पुस्तके बहुधा सचित्र असत. ज्याला चित्रांचा नाद, त्याच्या पाठीवर रोज चित्रांचेच ओझे! याहून चांगली शाळा त्याला कोठे मिळाली असती?

दोनतीन वर्षांनी तो लाकडी ठसे कोरणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. हे काम कसे चाले ते समजून घेतले पाहिजे, कारण होकुसाईचे सारे आयुष्य या ठशांशी बांधलेले होते. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाचित्र काढी. तो कागद चेरीच्या लाकडाच्या गुळगुळीत फळीवर पालथा चिकटवीत. मग कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड खोदून काढी. यात मूळ चित्राचा नाश होई. शिवाय प्रत्येक रंगासाठी निराळी फळी कोरावी लागे. छापणारा फळीवर रंग लावी, तिच्यावर ओलसर कागद ठेवी आणि बांबूच्या सोपटात गुंडाळलेल्या गोल चकतीने कागदाची पाठ घाशी. निळ्या रंगाची फळी झाली की पिवळ्याची, पिवळ्याची झाली की तांबड्याची, असा एकच कागद अनेक फळ्यांवरून फिरे. तो केसभरही सरकू नये म्हणून प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात खूण कोरलेली असे. अशा रीतीने चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि भांडवल घालणारा प्रकाशक या चौघांच्या मेहनतीतून एक चित्र तयार होई. त्याच्या शेकडो, कधी हजारो प्रती निघत. त्यामुळे ते स्वस्तात मिळे. श्रीमंतांच्या दिवाणखान्याची वाट न पाहता ही चित्रे दुकानदारांच्या आणि कारागिरांच्या साध्या घरांत जाऊन पोहोचली होती.

तीनचार वर्षे दुसऱ्यांच्या रेषा कोरण्यात गेली. त्या रेषा स्वतः काढाव्या ही इच्छा आता मनात मावेना. १७७८ च्या सुमारास, अठरा वर्षांचा असताना, त्याने कात्सुकावा शुन्शो या नामांकित चित्रकाराचे शिष्यत्व पत्करले. शुन्शो हा काबुकी नाटकांतील नटांच्या चित्रांबद्दल प्रसिद्ध होता. गुरूच्या नावातील एखादे अक्षर शिष्याला देण्याची तिकडे रीत असे. त्याप्रमाणे या शिष्याला शुन्रो हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी त्याची पहिली चित्रे छापून निघाली. सुमारे पंधरा वर्षे तो या चित्रशाळेत होता आणि तेथे त्याने नटांची, कुस्तीगिरांची व कथापुस्तकांतील चित्रे असंख्य काढली.

परंतु एका घराण्याची रीत गिरवीत बसणे त्याच्या स्वभावात नव्हते. तो इतर घराण्यांच्या चित्रकारांकडून शिकू लागला, आणि हे त्याच्या गुरुबंधूंना रुचले नाही. असे सांगतात की, एका दुकानदारासाठी त्याने पाटी रंगविली होती. ती दुकानावर लावलेली पाहून एका वडील गुरुबंधूला तिची लाज वाटली आणि त्याने ती सर्वांदेखत फाडून टाकली. आपली चित्रकला सुधारली ती त्या दिवसाच्या अपमानामुळे, असे होकुसाई पुढे म्हणत असे. गुरूच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत त्याने ती चित्रशाळा सोडली. त्यानंतरचे दिवस मोठ्या हलाखीचे गेले. पोटासाठी तो रस्त्यावर मिरचीची पूड आणि पंचांगे विकीत हिंडला, अशा गोष्टी त्याच्या चरित्रकारांनी नोंदविल्या आहेत.

या हलाखीतही शिकणे थांबले नाही. चिनी चित्रे, जुनी जपानी चित्रे, निसर्गदृश्ये, जे मिळेल ते त्याने अभ्यासले. डच व्यापाऱ्यांबरोबर आलेली युरोपीय छापील चित्रे एखाददुसरी हाती लागत. त्यांत जवळच्या वस्तू मोठ्या, दूरच्या लहान, आणि रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एका बिंदूत मिळालेल्या अशा दाखविलेल्या असत. हे यथार्थदर्शनाचे तंत्र जपानी चित्रकारांना नवे होते. होकुसाईने ते आत्मसात केले आणि आपल्या पद्धतीने वापरले.

१७९८ च्या सुमारास त्याने होकुसाई हे नाव घेतले. त्या नावाचा अर्थ उत्तरेकडील चित्रशाळा असा होतो. ध्रुवताऱ्यावर त्याची श्रद्धा होती, म्हणून त्याने उत्तर दिशा निवडली. तथापि या नावावरही तो स्थिर राहिला नाही. आयुष्यात त्याने सुमारे तीस नावे बदलली. एका नावाला लौकिक मिळाला, की ते एखाद्या शिष्याला देऊन टाकायचे आणि आपण नवे नाव घेऊन पुन्हा आरंभ करायचा, असा त्याचा खाक्या होता. ज्या नावाने बाजारात चित्र खपते ते नाव टाकणारा माणूस प्रकाशकांना वेडाच वाटला असेल.

लोकांना चकित करून सोडण्याची त्याला हौस होती. १८०४ साली एदोमधील एका बौद्ध मंदिराच्या अंगणात त्याने शेकडो लोकांसमोर प्रचंड कागद पसरला आणि झाडू शाईत बुडवून त्यावर बोधिधर्माचे चित्र काढले. ते इतके मोठे होते, की जमिनीवर उभे राहणाऱ्याला त्यात काय आहे ते कळेना. लोकांना मंदिराच्या छपरावर चढून पाहावे लागले, असे वर्णन आहे. त्याच हाताने त्याने तांदळाच्या एका दाण्यावर दोन चिमण्या काढून दाखविल्या. आणखी एक आख्यायिका तर फारच गमतीची आहे. एकदा शोगुनसमोर चित्र काढण्याचा प्रसंग आला. होकुसाईने लांब कागदावर निळ्या रंगाचा एक वळणदार पट्टा ओढला. मग टोपलीतून एक कोंबडा बाहेर काढला, त्याचे पाय तांबड्या रंगात बुडविले आणि त्याला कागदावरून पळविले. नंतर नम्रपणे वाकून त्याने सांगितले, की ही शरद ऋतूतील तात्सुता नदी असून तिच्यातून मेपलची लाल पाने वाहत चालली आहेत.

असे खेळ चार घटकांच्या करमणुकीचे. होकुसाईची खरी कामगिरी पाहायची ती त्याच्या पुस्तकांत. कथालेखक बाकिन याच्या दीर्घ कथांना त्याने चित्रे काढली आणि ती अतिशय लोकप्रिय झाली. दोघेही मानी असल्यामुळे त्यांचे खटके उडत. एका पात्राच्या तोंडात गवती चप्पल धरलेली दाखवावी असा बाकिनचा हट्ट होता. तसे असेल तर लेखकाने आधी ती स्वतः तोंडात धरून दाखवावी, असे होकुसाईने सुनावले म्हणतात.

तोपर्यंत त्याचे नाव सर्वत्र झाले होते. दूरदूरच्या गावांतील मुले आणि मोठी माणसे त्याच्याकडे चित्रकला शिकू इच्छीत होती. एवढ्या सर्वांना घरी ठेवून शिकविणे शक्य नव्हते. त्यावर त्याने जो उपाय शोधला तो मोठा नामी होता. त्याने शिकणाऱ्यांसाठी चित्रांची पुस्तके तयार केली. १८१२ साली निघालेल्या अशा एका पुस्तकात त्याने दाखविले, की वर्तुळ आणि चौकोन एवढे दोन आकार ज्याला काढता येतात त्याला कोणतीही वस्तू काढता येईल. एका बाजूला नुसती वर्तुळे आणि सरळ रेषा, आणि शेजारी त्यांतूनच साकारलेले पक्षी, प्राणी, माणसे, अशी त्या पुस्तकाची मांडणी होती. त्याच्या दुसऱ्या भागात जपानी लिपीतील अक्षरांवरून चित्रे कशी काढावी ते सांगितले होते. आपल्याकडे २ च्या आकड्यापासून बदक काढतात, तशातलाच हा प्रकार. मोठ्या चित्रकाराने असल्या बाळबोध पुस्तकावर वेळ घालवावा याचे काहींना नवल वाटले असेल. होकुसाईला त्यात कमीपणा वाटला नाही.

त्याच वर्षी तो प्रवास करीत नागोया शहरी गेला आणि बोकुसेन नावाच्या शिष्याच्या घरी राहिला. तेथे त्याने सुमारे तीनशे छोटी छोटी चित्रे काढली. ती एकत्र करून १८१४ साली नागोयाच्या प्रकाशकाने एक पुस्तक काढले. त्याला होकुसाईने मांगा असे नाव दिले. मनाला येईल तसे रेखाटलेले चित्र, असा त्या शब्दाचा साधारण अर्थ आहे. आज जपानी चित्रकथांना जगभर मांगा म्हणतात. मात्र होकुसाईच्या पुस्तकात कथा नव्हती. त्यात होते ते सारे जग. एका पानावर लठ्ठ माणसे: कोणी आंघोळ करीत आहे, कोणी जेवीत आहे. दुसऱ्या पानावर हडकुळी माणसे. कोठे वाऱ्याच्या सोसाट्यात सापडलेले वाटसरू छत्र्या आणि टोप्या सांभाळीत आहेत. कोठे कुस्तीगीर एकमेकांना भिडले आहेत. एका पानावर माणसे तोंडे वेडीवाकडी करून वेडावीत आहेत. मासे, बेडूक, गोगलगाय, नाकतोडे, घोडे, हत्ती. घरांची छपरे, पूल, बंदुका, शेतीची अवजारे. भुते आणि देवसुद्धा! चिमणीनृत्य नावाच्या नाचाची पावले तर त्याने अशी क्रमाने काढली आहेत, की पाहणाऱ्याला वाटावे, आकृत्या कागदावरच नाचू लागल्या.

फक्त काळी शाई, करडी छटा आणि फिकट गुलाबी रंग एवढ्या सामग्रीवर हे पुस्तक छापले होते. लोकांनी ते इतके उचलून धरले, की दुसरा भाग काढावा लागला, मग तिसरा, मग चौथा. होकुसाईच्या हयातीत भाग निघतच राहिले आणि त्याच्या मृत्यूनंतर उरलेली चित्रे गोळा करून प्रकाशकांनी ते काम पुढे चालविले. शेवटचा पंधरावा भाग १८७८ साली निघाला. सर्व भागांत मिळून सुमारे चार हजार चित्रे आहेत. ज्याने कधी एदो पाहिले नाही आणि ज्याच्या गावात एकही चित्रशिक्षक नाही, अशा मुलापुढे हे पुस्तक पडले, की खुद्द होकुसाई त्याच्या शेजारी येऊन बसल्यासारखेच होते.

एवढा लौकिक मिळाला, तरी घरात पैसा टिकत नसे. कमाई होई, पण तिचा हिशेब ठेवण्याची त्याला सवय नव्हती. देणेकरी दारात आला, की प्रकाशकाकडून आलेले पैशाचे पुडके न मोजताच तो त्याच्या हाती देई. घर झाडण्याचाही त्याला कंटाळा. कागदाचे कपटे, खाण्याच्या पुड्या, सारे खोलीत साचत जाई. आणि राहणे अशक्य झाले, की घर साफ करण्याऐवजी तो घरच बदली. जन्मभरात त्याने त्र्याण्णव घरे बदलली असे सांगतात! त्याची मुलगी ओई हीही बापासारखीच. तिचे लग्न एका चित्रकाराशी झाले होते. पण नवऱ्याच्या चित्रांतील चुका पाहून तिला हसू आवरत नसे आणि तो संसार टिकला नाही. ती बापाकडे परत आली आणि शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिली. ओई स्वतः उत्तम चित्रकार होती. अंधारात दिव्याचा उजेड कसा पसरतो हे तिच्याइतके सुंदर दाखविणारे त्या काळी जपानात क्वचितच कोणी असेल. बापाच्या उतारवयातील कामात तिचा हात मोठा होता. परंतु तिच्या वाट्याला कीर्ती फार उशिरा आली.

साठी उलटल्यावर संकटे एकामागून एक कोसळली. १८२७ च्या सुमारास त्याला अर्धांगवायूचा झटका आला. जपानी लिंबू मद्यात शिजवून केलेले औषध घेऊन आपण बरे झालो, असे त्याचे म्हणणे होते. १८२८ साली त्याची पत्नी वारली. थोरल्या मुलीचा मुलगा जुगाराच्या नादी लागला होता. त्या नातवाचे कर्ज फेडता फेडता म्हातारा अगदी कफल्लक झाला. अंगावर धड वस्त्र नाही, पोटापुरते अन्नही कसेबसे मिळते, अशा त्या अवस्थेत सत्तर वर्षांच्या या माणसाने असे काम हाती घेतले, की ज्यामुळे त्याचे नाव अमर झाले.

फूजी हा जपानमधील सर्वांत उंच पर्वत. त्याची उंची ३,७७६ मीटर आहे. सुळक्यासारख्या निमुळत्या आणि बर्फाने माखलेल्या या पर्वताला जपानी लोक पवित्र मानतात. १८३०-३१ च्या सुमारास होकुसाईने फूजीची छत्तीस दृश्ये ही चित्रमाला काढण्यास आरंभ केला. ती इतकी खपली, की प्रकाशकाने आणखी दहा चित्रे मागितली आणि छत्तिसाची सेहेचाळीस झाली. या मालेतील गंमत अशी, की बहुतेक चित्रांत फूजी दूर आणि लहान आहे. समोर असतात ती कामात गढलेली साधी माणसे. एका चित्रात एक कारागीर भल्यामोठ्या लाकडी पिंपाच्या आत बसून ते तासतो आहे आणि पिंपाच्या गोलातून पलीकडे चिमुकला फूजी दिसतो आहे. दुसऱ्या चित्रात सोसाट्याचा वारा सुटून एका बाईचे कागद आकाशात उडाले आहेत, कोणाची टोपीही त्यांच्यामागे चालली आहे. फूजी मात्र एका रेषेत स्तब्ध उभा आहे.

यांतील सर्वांत गाजलेले चित्र म्हणजे प्रचंड लाटेचे. मासळी शहरात पोहोचविणाऱ्या तीन लांबट होड्या खवळलेल्या समुद्रात सापडल्या आहेत. वल्हेकरी अंग चोरून वल्ह्यांवर वाकले आहेत. डाव्या बाजूने एक लाट डोंगराएवढी उठली आहे आणि तिच्या फेसाचे टोक न् टोक नख्यांसारखे वळून त्यांच्यावर झेपावते आहे. पुढच्या क्षणी काय होणार? चित्रकाराने तो क्षण दाखविलेला नाही. आणि लाटेच्या पोटाखाली, दूर क्षितिजावर, जगातील त्या महान पर्वताचे टोक एखाद्या छोट्या लाटेएवढे दिसते आहे. हे चित्र पाहणाऱ्याला वाटते, की ते भिंतभर मोठे असेल. प्रत्यक्षात ते वहीच्या उघडलेल्या दोन पानांहून फारसे मोठे नाही. त्यातील गडद निळा रंगही त्या काळी नवलाईचा होता. तो प्रथम जर्मनीतील बर्लिन शहरात तयार झाला आणि समुद्रमार्गाने, व्यापाऱ्यांच्या हातून, बंद दारांच्या फटीतून जपानात आला. जुने वनस्पतिजन्य निळे रंग उडून जात. हा उडत नसे.

१८३४ साली फूजीच्या शंभर दृश्यांचे एक पुस्तक त्याने काढण्यास घेतले. त्याच्या शेवटी त्याने स्वतःविषयी चार ओळी लिहिल्या आहेत. जन्माचे वर्ष धरून वय मोजण्याच्या जपानी पद्धतीप्रमाणे तो तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. वयाच्या सत्तराव्या वर्षापूर्वी आपण जे काढले त्यात मोजण्यासारखे काही नाही, असे तो म्हणतो. पशू, पक्षी, कीटक आणि मासे यांची घडण आणि झाडे कशी वाढतात ते त्र्याहत्तराव्या वर्षी आपल्याला थोडेसे उमगले. ऐंशीव्या वर्षी प्रगती होईल, नव्वदाव्या वर्षी वस्तूंचे मर्म कळू लागेल, शंभराव्या वर्षी हात खरोखर तयार होईल आणि एकशेदहाव्या वर्षी आपण काढलेला प्रत्येक ठिपका व प्रत्येक रेषा जिवंत होईल, अशी त्याची आशा होती. आपण दीर्घायुषी होऊन हे बोल खरे ठरतात की नाही ते पाहावे, अशी विनंतीही त्याने वाचकांना केली आणि खाली सही केली ती चित्रवेडा म्हातारा अशी. हा विनय नव्हता. ज्याने लाटेचे चित्र काढून झाले होते तो माणूस आपण अजून शिकाऊ आहोत असे अगदी मनापासून मानीत होता.

दैवाने मात्र त्याला सुखाने शिकू दिले नाही. १८३३ नंतर जपानात दुष्काळ पडला. १८३६ साली तर लोक अन्नान्न करू लागले. अशा वेळी चित्रे कोण घेणार? तांदळाच्या मोबदल्यात हाताने चित्रे काढून देऊन त्याने दिवस ढकलले, असे सांगतात. १८३९ साली घराला आग लागली. हाती कुंचले धरून बाप आणि मुलगी बाहेर पळाली. परंतु तरुणपणापासून साठविलेली अगणित रेखाटने, ज्यांवरून तो पुढची चित्रे रचीत असे, ती सारी भस्मसात झाली. एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धापाशी तबकडीही उरली नव्हती. त्याने एक बाटली फोडली, तिच्या बुडात पाणी घेतले, तुकड्यांवर रंग कालविले आणि काम सुरू केले, अशी कथा आहे. १८४२ आणि १८४३ या वर्षांत तो नेमाने रोज सकाळी एक सिंहाचे चित्र काढी. अनिष्ट टळावे म्हणून हा नेम होता. त्यांतील दोनशेहून अधिक सिंह आजही जपून ठेवलेले आहेत. कोणी डरकाळी फोडतो आहे, कोणी नाचतो आहे, कोणी वाऱ्याकडे पाठ करून निघाला आहे. एकासारखा दुसरा नाही.

त्यानंतरच्या वर्षांत तो डोंगराळ मुलखातील ओबुसे या गावी गेला. एदोपासून हे गाव दोनशे किलोमीटरांहूनही दूर आहे. तेथील ताकाई कोझान हा श्रीमंत व्यापारी त्याचा चाहता होता. कोझानने त्याला राहण्यास व काम करण्यास जागा दिली. गावच्या उत्सवातील रथांच्या छतांवर होकुसाईने एक सर्पाकार ड्रॅगन, फीनिक्स पक्षी आणि दोन प्रचंड भोवऱ्यांसारख्या लाटा रंगविल्या. ओबुसेला समुद्र नाही. तरी त्या लाटांकडे मान वर करून पाहताना गरगरल्यासारखे होते. तेव्हा चित्रकाराने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

१८४९ च्या आरंभी त्याने बर्फातून आनंदाने झेपावत जाणाऱ्या एका म्हाताऱ्या वाघाचे चित्र काढले. त्याच वर्षी वसंत ऋतूत तो आजारी पडला. ओई आणि शिष्य भोवती बसले होते. आणखी दहा वर्षे मिळाली असती तर, निदान पाच वर्षे जरी मिळाली असती तरी, आपण खरे चित्रकार झालो असतो, असे शब्द त्याने काढले आणि प्राण सोडला. जपानी मोजणीप्रमाणे तो नव्वद वर्षांचा होता.

त्याच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १८५३ साली, अमेरिकेच्या युद्धनौका एदोच्या आखातात आल्या आणि जपानची बंद दारे उघडू लागली. चिनी मातीची भांडी, रेशीम, पंखे यांच्याबरोबर होकुसाईची चित्रे आणि मांगाचे भाग युरोपात पोहोचले. पॅरिसमधील चित्रकार ते पाहून थक्क झाले. क्लोद मोने याने आपल्या घराच्या भिंती जपानी चित्रांनी भरून टाकल्या. व्हॅन गॉगने लाटेच्या चित्राविषयी आपल्या भावाला पत्रातून भारावून लिहिले. संगीतकार द्यब्यूसी याने समुद्रावर एक रचना केली, तेव्हा १९०५ साली छापलेल्या तिच्या स्वरलिपीच्या मुखपृष्ठावर हीच लाट होती. एके काळी होकुसाईने डचांच्या चित्रांवरून काही शिकून घेतले होते. आता युरोप त्याच्यापासून शिकू लागला. २०२४ साली जपानने काढलेल्या एक हजार येनच्या नव्या नोटेवरही ती लाट उमटली आहे. ज्याला पैसे मोजणे कधी जमले नाही त्याचे चित्र पैशावर यावे, ही मौजच म्हणावयाची.

होकुसाईचा जन्म झाला त्या भागात २०१६ साली त्याच्या नावाचे एक संग्रहालय उघडण्यात आले. त्याच्या एका शिष्याने म्हाताऱ्या गुरूच्या खोलीचे एक रेखाचित्र काढून ठेवले होते. त्यावरून ती खोली तेथे हुबेहूब उभी केली आहे. थंडी आहे, सभोवार कागदांचा पसारा पडला आहे. ओई शेजारी बसून पाहत आहे. म्हातारा पाठीवरून गोधडी ओढून घेऊन जमिनीवर ओणवा झाला आहे, आणि त्याच्या हातात कुंचला आहे.